टेकू सरकवणारी पिढी

वसईकडच्या कामण गावातल्या घरांत वीज यायच्या आधी कामाला लागणारा जोर दोनच ठिकाणांहून यायचा: माणसाच्या अंगातून आणि बैलाच्या खांद्यातून. तेवढ्या जोरावर त्या घरांनी केवढाली कामं उपसली. भात लावायचं, कापायचं, झोडायचं, मग ते भरडायचं, कांडायचं, दळायचं. कामणदुर्ग डोंगराच्या बाजूनं लाकूड आणायचं आणि फोडायचं, विहिरीतून पाणी काढायचं, पेंढ्याच्या गाड्या भरून बाजाराला न्यायच्या. ही माणसं अंगानं काही धिप्पाड नव्हती. आमच्या आज्या तर वाळक्या काटकुळ्या, कंबरेला कासोटा मारलेल्या बायका. तरी दोन पायल्या तांदूळ दळून झाल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे.

हे जमायचं कसं, याचा विचार लहानपणी आम्ही कुणीच केला नाही. तो विचार आता, साठी उलटल्यावर येतो. आमच्या वयाची मंडळी लग्नाकार्यात एकत्र बसली की गप्पा हमखास जुन्या घराकडे वळतात. तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्याच बोलण्यात येते. घरातली मोठी माणसं कामाला हात लावण्याआधी क्षणभर थांबत. कुठं धरायचं, कुठं टेकवायचं, किती लांबीचं घ्यायचं, हे नजरेनं मापत आणि मगच जोर लावत. पुढे शाळेत सहावीच्या विज्ञानात ‘साधी यंत्रे’ हा धडा आला. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र, चाक आणि आस. गुरुजींनी फळ्यावर एक आडवी रेघ आणि तिच्याखाली त्रिकोण काढला. यांत्रिक फायदा म्हणजे भार भागिले बल, असं आम्ही पाठ केलं. पण त्या त्रिकोणाचा आणि घरच्या मागल्या पडवीत पडलेल्या पहारीचा काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तो संबंध मला पहिल्यांदा दिसला तो चिखलात.

भातझोडणी उरकली की पेंढा गाडीत भरून वसईकडे न्यायचा, हा आमच्याकडचा दरसालचा शिरस्ता. एकदा गाव सोडून थोडं पुढे गेल्यावर ओहळाच्या उतारात गाडीचं डावं चाक रुतलं. बैलांनी दोनदा मान टाकली. आम्ही पोरं मागून रेटायला लागलो तर चाक आणखीच खाली गेलं. थोरले काका खाली उतरले. त्यांनी बैल सोडायला लावले, गाडीखाली नेहमी बांधलेला असायचा तो ऐनाचा आठ फुटी वासा ओढून काढला आणि ओहळातला एक बसका काळा दगड उचलून आणला. वाशाचं टोक आखाखाली सारलं, खाली दगडाचा टेकू दिला आणि दुसरं टोक आमच्यातल्या थोराड पोराच्या हातात दिलं. तो लोंबकळला. चाक हललं नाही. तो पाय उचलून वाशावर पालथा पडला, तरी नाही.

काका म्हणाले, “जोर नको लावू रं, टेकू म्होरं सरकव.”

दगड आखापासून दोन फुटांवर होता, तो एका फुटावर आणला. आणि त्याच पोरानं, तेवढ्याच अंगानं वासा दाबला, तर चाक चिखलातून फसकन वर आलं.

आता आकड्यांत मांडून बघू. पेंढ्याची भरली गाडी साडेपाच-सहाशे किलोची धरली, तर एका चाकावर साधारण 280 किलो येतात. टेकू दोन फुटांवर असताना वाशाचा भाराकडचा भाग दोन फूट, हाताकडचा सहा फूट, म्हणजे एकास तीन. चाक उचलायला 93 किलोंचा दाब हवा. चौदा-पंधरा वर्षांचं पोर तेवढं भरतच नाही. टेकू एका फुटावर आणला की भाराकडे एक फूट, हाताकडे सात. मग 40 किलोंत काम होतं. दगड फक्त एक फूट सरकला आणि लागणारा जोर निम्म्याहून खाली आला.

पण याची किंमत मोजावी लागतेच. आधी चाक चार बोटं वर यायला वाशाचं टोक बारा बोटं खाली दाबावं लागलं असतं, आता अठ्ठावीस बोटं दाबावं लागलं. चाक चार बोटं वर आलं की खाली चपटे दगड सारायचे, वासा काढायचा, टेकू उंच करायचा, पुन्हा दाबायचं. असं तीन-चारदा केल्यावर गाडी सुटली. काका या सगळ्यात घाईला आले नाहीत. जोर कमी लावायचा तर वेळ जास्त द्यायचा, हा सौदा त्यांना ठाऊक होता आणि मान्यही होता.

हा सौदा पुस्तकात नीट मांडला गेला तो इ.स. 1600च्या सुमारास. इटलीत गॅलिलिओनं यंत्रांवर एक छोटा निबंध लिहिला आणि त्यात दाखवलं की यंत्रानं निसर्गाला फसवता येत नाही. जोरात जे वाचतं ते अंतरात किंवा वेळात भरावं लागतं. त्याच्या अठराशे वर्षं आधी सिराक्यूजच्या आर्किमिडीजनं तरफेचा नियम भूमितीनं सिद्ध केलेला होता. या दोघांचीही नावं कामणच्या त्या पिढीनं ऐकली नव्हती. तरी वासा हातात आला की नियम त्यांच्या हातून बिनचूक पाळला जाई.

घरात तरफा किती होत्या, ते आता मोजायला बसलं की नवल वाटतं. अडकित्ता घ्या. ओसरीवर पानाचं तबक असे आणि त्यात आजोबांचा पितळी अडकित्ता. दांडे वीतभर, म्हणजे बारा बोटं. सुपारी बिजागरीपासून चार बोटांवर धरली तर हाताचा जोर तिप्पट होतो, दोन बोटांवर धरली तर सहापट. आम्ही पोरं चोरून सुपारी कातरायला बसायचो तेव्हा ती पात्याच्या टोकाला धरायचो, आणि सुपारी उडून थेट अंगणात जायची. आजी काही न बोलता यायची, सुपारी उचलायची, बिजागरीच्या पार खोबणीत नेऊन ठेवायची आणि दोन बोटांनी दांडे मिटायची. कट्! बस, एवढाच आवाज. त्या बोटांत संधिवात होता, मूठ पुरती वळत नव्हती. सुपारी कुठं ठेवायची हे कळलं होतं म्हणून तिचं निभत होतं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या अडकित्त्यांचा देखणा संग्रह आहे. नक्षी, आकार, घडाई बघत राहावी अशी. आमच्या घरचा अडकित्ता तिथं कुणी ठेवला नसता, इतका तो साधा होता. पण तिथल्या सगळ्यांत देखण्या अडकित्त्याची आणि आमच्याकडच्या त्या साध्याची बिजागरी एकाच जागी आहे: टोकाला. सुपारी मध्ये, हात दुसऱ्या टोकाला. सुपारी आणि हात यांच्या जागांची अदलाबदल केली तर अडकित्ता राहत नाही, चिमटा होतो. चुलीपुढच्या चिमट्यात बोटं मध्ये आणि भाकरी टोकाला असते. तिथं जोर वाढत नाही, उलट कमी होतो. पण विस्तवातली भाकरी उचलायला जोर लागतच नाही, हात लांब राहिला म्हणजे झालं. ज्या कामाला जे हवं, तेच त्या वस्तूनं द्यावं. जोर हवा तिथं जोर, लांबी हवी तिथं लांबी.

आणि वेग हवा तिथं वेग. ताक घुसळायची रवी आठवा. खांबाला बांधलेली उभी रवी, तिच्या दांड्याला वेटोळं घातलेली दोरी, आणि दोरीची दोन टोकं काकीच्या दोन हातांत. दांड्याचा घेर असेल दहा सेंटीमीटर. काकीचा हात एका ओढीत साठ सेंटीमीटर मागं यायचा, की रवी सहा गिरक्या घ्यायची. इथं जोराच्या बाबतीत तोटाच. दोरी ओढायला जेवढा जोर लागायचा त्याच्या मानानं रवीच्या फुलाशी फारच थोडा पोचायचा. पण लोणी वर यायला जोर लागत नाही, गिरक्या लागतात. यंत्र म्हणजे जोर वाढवणारं साधन, असं आपण समजतो ते अर्धंच खरं आहे. हातात असलेली गोष्ट देऊन कामाला हवी असलेली गोष्ट घेणं, एवढंच यंत्र करतं.

जात्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्या घरांचा कणा तेच होतं. आमच्याकडे भाकरी तांदळाची. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मग दळायचे. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जात्याची घरघर सुरू व्हायची, आणि ती ऐकत आम्ही कूस बदलायचो. दोघीजणी समोरासमोर बसत, एक पाय लांब, एक दुमडलेला. एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओढलं की दुसरीनं ढकलायचं. मधूनच रिकाम्या हातानं मूठभर तांदूळ वरच्या तळीच्या तोंडात सोडायचे.

खुंटा वरच्या तळीच्या अगदी काठाशी ठोकलेला असे. दोन बोटं आत नाही की बाहेर नाही. हे असंच का? दगडावर दगड घासला जातो तेव्हा अडथळा सगळ्या तळीभर पसरलेला असतो. पण हिशेबाला तो मध्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर एकवटला आहे असं धरता येतं. खुंटा काठावर, म्हणजे त्याही पलीकडे. त्यामुळे हाताला अडथळ्याच्या दोन-तृतीयांशच जोर लागतो. तोच खुंटा काठ आणि मध्य यांच्या अधल्यामधल्या जागी ठोकला असता, तर दुप्पट जोर लागला असता. हात निम्माच फिरला असता, पण दळणारी अर्ध्या पायलीत थकली असती.

हे गणित जातं घडवणाऱ्या पाथरवटाला हातानं माहीत होतं. आणि जात्यावर बसणारीला खांद्यानं. खुंटा सैल झाला की ती लाकडाची बारीक पाचर आणून ठोकायची. ती पाचर हेही एक साधं यंत्रच. लांबट, एका बाजूनं निमुळती ढलपी. वरून हलका ठोका, बाजूला जबरदस्त दाब. पाचर जितकी लांब आणि बारीक, तितका दाब जास्त. जाड पाचर घातली तर खुंटा बसत नाही, भोकाचा दगडच चिरतो. म्हणून ती आधी कोयत्यानं तासून, नखानं चाचपून बघायची. डाळ किंवा नाचणी नुसती भरडायची असेल तेव्हा मधल्या खिळ्यावर चिंधीची वळी ठेवून वरची तळी केसभर उचलायची. तेवढ्या फटीनं पिठाऐवजी भरड निघे. वर्षा-दोन वर्षांनी तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावणाऱ्या बायका दारावर येत. अंगणात बसून छिन्नीनं दगडाला पुन्हा दाते पाडत. त्या टकटकीत दुपार जायची. दाते फार खोल पडले तर पिठात कच येते, उथळ पडले तर तांदूळ फिरत राहतो. आजी शेजारी उकिडवी बसून बोटानं पोत तपासायची आणि मनाजोगं होईपर्यंत पैसे काढायची नाही.

जात्यावरच्या ओव्यांना महाराष्ट्रानं खूप मान दिला, आणि तो योग्यच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून कार्यकर्त्या बायकांच्या साथीनं एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते काम डोंगराएवढं आहे. पण ओवी ज्या हातांतून निघाली, त्या हातांना जात्याचं जे ज्ञान होतं, ते कुणी टिपून ठेवलं नाही. खुंट्याची जागा, तळीची उंची, घास किती सोडायचा, कोणत्या धान्याला किती वेग, दोघींनी हात कधी बदलायचा. ते ज्ञान बाईचं होतं आणि रोजचं होतं, म्हणून त्याला कुणी ज्ञान म्हटलं नाही. मला ही मोठी चूक वाटते.

दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जात्यासाठी एकाही बाईनं डोळ्यांत पाणी आणलं नाही. आमच्या आईनं तर पहिल्याच आठवड्यात जातं पडवीच्या कोपऱ्यात ढकललं. यांत्रिक फायदा जोराचा असतो, श्रमाचा नव्हे. जातं कितीही नीट घडवलं तरी दोन पायल्या दळायचं एकूण काम तेवढंच राहतं, ते फक्त पेलेल इतक्या तुकड्यांत वाटलं जातं. ते तुकडे रोज पहाटे, वर्षानुवर्षं, त्याच खांद्यावर पडत. घरघरीची आठवण आम्हांला गोड वाटते, कारण आम्ही तेव्हा गोधडीत होतो.

विहिरीवरची कप्पी याहून वेगळी. कप्पीनं जोर रतीभरही वाचत नाही, हे शाळेत ऐकल्यावर आम्हांला पटेना. पितळी घागर बारा लिटरची, घागरीचं वजन वेगळं, म्हणजे चौदा-पंधरा किलो. कप्पी असो की नसो, तेवढे ओढावेच लागतात. मग कप्पी लावून मिळालं काय? मिळाली ती दिशा. कप्पी नसताना काठावर वाकून, कंबरेतून वर ओढायचं. काठाच्या दगडावर दोरीच्या खाचा पडलेल्या असत, आणि ओढणारीच्या पाठीत त्याहून खोल. कप्पी आली आणि दोरी खाली ओढता येऊ लागली. ताठ उभं राहून, अंगाचा भार दोरीवर टाकून. चाळीस किलोच्या बाईला पंधरा किलोची घागर आपल्या नुसत्या वजनानं वर आणता येऊ लागली. बायकांच्या कंबरा वाचल्या त्या या दिशेच्या बदलानं. कप्पी कुरकुरायला लागली की कुणीतरी करंजाचं तेल आणून आसावर सोडायचं. नाहीतर पंधरा किलोंना अठरा-वीस किलो ओढायची पाळी येई.

डोंगराच्या वाटेबद्दल दोन शब्द. कामणदुर्ग दोन हजार फुटांहून उंच आहे. त्याच्या अंगाखांद्यावरच्या जुन्या वाटा सरळ वर चढत नाहीत, आडवीतिडवी वळणं घेत जातात. शहरातून येणारे ट्रेकर मधेच शॉर्टकट मारतात आणि धापा टाकतात. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या वारली बायका वळणाची वाट सोडत नसत. वाट दुप्पट लांब, चढ निम्मा. उतरणीचं यंत्र म्हणजे एवढंच, आणि ते तिथं कुणी बांधलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी शोधलेलं आहे.

आमच्या घरांत मळसूत्र उशिरा आलं, आणि ते दिवाळीतून आलं. चकलीचा पितळी सोऱ्या. आळीत एकच होता, आणि वसुबारसेपासून तो घरोघर फिरायचा. कुणाकडे कधी, याचा क्रम ठरलेला असे आणि तो चुकला तर रुसवेफुगवे होत. आधीचा लाकडी सोऱ्या दोन्ही हातांनी छाती लावून दाबावा लागे. घट्ट पिठाला मोठी माणसंही घामाघूम होत. पितळी आला आणि दहा वर्षांची पोर चकली पाडू लागली. वरचा दांडा फिरवला की मळसूत्र एका फेऱ्यात अर्धा सेंटीमीटर खाली उतरतं. दांडा मध्यापासून दहा सेंटीमीटर लांब असेल, तर तेवढ्यासाठी हात त्रेसष्ट सेंटीमीटर फिरतो. म्हणजे कागदावर सव्वाशेपट फायदा. प्रत्यक्षात आट्यांतलं घर्षण त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतं. पण उरतं तेही पुष्कळ, आणि ते घर्षण उपयोगीही पडतं. दांडा सोडून पोर नाक पुसायला थांबली तरी पीठ दट्ट्याला मागं ढकलत नाही. लाकडी सोऱ्यावरचा हात काढला की दट्ट्या वर उसळायचा. टायर बदलताना गाडीखाली लावायचा स्क्रू-जॅक याच गुणावर उभा असतो.

या सगळ्यांहून मोठं यंत्र आम्ही पाहिलं ते गावाबाहेर, वसईच्या पश्चिम पट्ट्यात. पेंढ्याची गाडी निर्मळ-आगाशीकडच्या वाड्यांत जायची. तिथं केळीच्या बागा, पानवेली, आणि प्रत्येक वाडीत रहाट. आगाशीची सुकेळी आजही प्रसिद्ध आहे, ती या रहाटांच्या पाण्यावर पोसलेल्या बागांची. बैल किंवा रेडा गोल गोल फिरे. त्यानं ओढलेल्या दांड्यावर आडवं दातेरी चाक फिरे. ते उभ्या दातेरी चाकाला फिरवी, आणि त्याच्या आसावरच्या मोठ्या चाकावरून मडक्यांची लांबलचक माळ विहिरीत उतरून भरून वर येई, पन्हळीत रिती होऊन पुन्हा खाली जाई. जनावराची चाल संथ, पण ओढ जबर. दात्यांनी ती ओढ वळवून उभी केली. आम्ही गाडीतून उतरून तोंड उघडं ठेवून बघत राहायचो. पन्हळीतून पाटात, पाटातून आळ्यात पडणारं पाणी करंगळीएवढं दिसे, पण दिवसभर थांबत नसे.

पुढे डिझेलची इंजिनं आली, मग विजेचे पंप. जे पाणी काढायला रहाटाला दिवस लागे ते तासाभरात निघू लागलं. समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ते हळूहळू काढलं तर पावसाचं पाणी जागा भरून काढतं. भराभर उपसलं तर खालून खारं वर चढतं. वसईच्या किनारपट्टीत तेच झालं, गोड्या विहिरी मचूळ झाल्या. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीनं इथली हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी जे रान उठवलं, त्याच्या मागं या विहिरींचं दुःखही होतं. पंप वाईट आणि रहाट चांगला, असं म्हणून चालणार नाही. रेड्याच्या मागं दिवसभर फिरणाऱ्या पोराला ते म्हणून बघा. पण रहाटाच्या संथपणामुळे विहिरीला भरायला उसंत मिळत होती, ही गोष्ट यंत्र बदलताना हिशेबात धरायला हवी होती. ती कुणी धरली नाही.

मग आमच्याच शिवारातून दिवा-वसई रेल्वेमार्ग गेला. रूळ टाकणारे गँगमन आम्हांला कित्येक दिवस पुरले. दहा-बारा माणसं एका ओळीत, प्रत्येकाची पहार रुळाखाली, मुकादमाची हाळी, तिला सगळ्यांचा ‘हैश्या’, आणि अख्खा रूळ स्लीपरांसकट दोन बोटं सरकायचा. दोन बोटं, पुन्हा हाळी, पुन्हा दोन बोटं. थोरले काका बांधावर बसून हे बघत. एकदा त्यांनी उठून एका नवख्या पोराची पहार हातात घेतली, तिच्याखालची खडी थोडी पुढे ओढून टेकू जवळ घेतला आणि काही न बोलता पहार परत दिली. पुढच्या हाळीला तो पोर हसला. आज त्या मार्गावर जूचंद्र आणि खारबावच्या मधे कामण रोड स्टेशन आहे.

गावही पार बदललं. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आलो. चिंचोटी-भिवंडी रस्त्याला दोन्ही अंगांनी गाळे आणि गोदामं उभी राहिली. खाचरं भराव टाकून बुजली, बैलगाडी आता लग्नाच्या वरातीतही दिसत नाही. पण त्या गोदामांत शिरून बघा. दोन टनांचा माल पॅलेटवर ठेवलाय आणि एक मुलगा ट्रॉलीचा दांडा वरखाली करून तो जमिनीवरून उचलतोय. गॅरेजमध्ये इंजिन चेनपुलीला लटकलंय, आणि मेकॅनिक एका हातानं साखळी ओढतोय. मीटर-मीटर साखळी ओढली जाते तेव्हा इंजिन इंचभर वर येतं. काकांचा वासा आणि ही साखळी यांच्यात तत्त्वाचा काडीचाही फरक नाही. फरक एवढाच की वाशाचा टेकू कुठं ठेवायचा ते काकांना ठरवावं लागे, साखळीचं प्रमाण कारखान्यात ठरून येतं. वापरणाऱ्याला ते कळायची गरज उरली नाही. सोय झाली यात शंका नाही. पण कामाआधी थांबून मापणारी ती नजरही त्याबरोबर गेली.

ती नजर परत आणणं शाळेच्या हातात आहे, असं मला मनापासून वाटतं. साध्या यंत्रांचा धडा शाळेत आजही शिकवला जातो. कामण, पोमण, चिंचोटी, जूचंद्र या भागातल्या शिक्षकांना विनंती आहे की तो धडा फळ्यावर शिकवू नका. वर्गात एक पहार, एक दगड आणि सिमेंटची एक गोणी आणा. टेकू दोन फुटांवर ठेवून पोरांना गोणी उचलायला सांगा, मग एका फुटावर आणा. कुणाच्या तरी घरचा अडकित्ता आणा, सोऱ्या आणा. वही-पेन्सिल घेऊन पोरांना आजीकडे पाठवा, आणि खुंटा काठालाच का, चिंधी कशाला घालायची, तळी किती उचलायची, हे तिच्या तोंडून लिहून आणायला लावा. ज्या घरांत जात्याची तळी तुळशीपुढे पायरी म्हणून टाकली आहे किंवा तिच्यात कुंडी ठेवली आहे, त्यांनी ती एकदा धुऊन, नवा खुंटा आणि पाचर ठोकून नातवंडांसमोर फिरवून दाखवावी. मूठभर तांदूळ पुरे.

फक्त हे याच वर्षी करा. जातं रोज ओढलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत.